गळका उजेड

मी रेशमाचा तंतू बोलतोय. कापडातला नव्हे, प्रयोगशाळेतला. काचेच्या तंतूसारखाच मी उजेड एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेतो. काच अंगात राहिली तर टोचते. मी काम संपलं की विरघळून जातो. निदान प्रयोगशाळेचे सर तरी सगळीकडे तसं सांगत फिरतात.

कोशातल्या किड्यांचा जीव घेऊन मला बनवलंय. त्यांच्या जिवाचं तरी चीज करायला हवं होतं मी.

बनवणारी मुलगी सरांकडे पीएचडीच्या चौथ्या वर्षाला होती. हातात सतत चिमटा, म्हणून सगळे तिला चिमटीच म्हणायचे. कोश कापून, सोड्यात उकळून, धुऊन तिनं त्यांचा चिकट रस केला आणि बारीक सुईतून मला ओढलं. मी तुटलो की म्हणायची, "अरे गाढवा!" आणि पुन्हा ओढायची.

कोरड्यात मी छान चाललो. आकडे बघून सर म्हणाले, "बास, झालं काम." पण तिनं मला मिठाच्या पाण्यात बुडवलं. मी फुगलो. उजेड वाटेतच अंगातून सांडला, टोकाला पोचलाच नाही.

"सर, हे ओल्यातले आकडेपण प्रबंधात घालते."

"कशाला नसती भानगड? मी काय उन्हात केस पांढरे केलेत?"

"पण सर, कोरडा पेशंट आणायचा कुठून?"

सरांना ते झोंबलं.

मग कर्करोगाच्या डॉक्टरबाई आल्या. उपचारासाठी घशात खोलवरच्या गाठीपर्यंत त्यांना उजेड न्यायचा होता. सरांनी मला जेलीच्या ओल्या ठोकळ्यात खुपसलं, खोलीतले दिवे घालवले आणि लाल लेझर सोडला. मी अख्खा लालबुंद झालो.

"किती सुंदर!" बाई म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

"उजेड गळतोय," चिमटी म्हणाली. "टोकाला अंधार आहे."

"बाळ, मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये." सर बाईंकडे वळून हसले. "नवीन आहे हो."

चार वर्षं हाडं झिजवलेली मुलगी नवीन! सरांना सगळं ठाऊक होतं.

आणि मी? मी चमकत राहिलो. टाळ्या आवडल्या मला. तेव्हाच तटकन तुटलो असतो तर आज तोंड वर करून बोलता आलं असतं.

"प्रबंधावर सही हवी तर ते ओल्या आकड्यांचं पान काढ," सरांनी दुसऱ्या दिवशी बजावलं. तिनं पान काढलं नाही. चिमटा टेबलावर ठेवून निघून गेली. "आजकालच्या पोरांत दमच नाही," सर म्हणाले. दम! हा माणूस दमाच्या गोष्टी करतो!

आता मी डॉक्टरबाईंच्या कपाटात, कोरड्या डबीत पडून आहे. पहिल्या पेशंटची तारीख ठरलीय.

बाई, मी चमकलो तर हरखून जाऊ नका. कुणाच्या घशात घालण्याआधी मला चांगला भिजवा आणि टोकासमोर पांढरा कागद धरा. त्यावर लाल ठिपका पडणार नाही. मग मला कचऱ्यात टाका आणि त्या मुलीला फोन करा.