मोचो की माचा

निकेनच्या स्क्रीनवर सकाळपासून एकच रड चालू होती: ‘या नावाचं फंक्शन सापडत नाही.’

जावा बेटावरच्या क्लातेनच्या साखर कारखान्यात उसाचे ट्रक तोलणारा काटा होता. त्या काट्याशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, निकेनच्या वडिलांनी, पाक सुवर्णांनी (पाक म्हणजे आपलं ‘राव’), निवृत्त व्हायच्या आधी सी या संगणकभाषेत लिहिलेली. नवा प्रोग्राम मात्र जावा या दुसऱ्या संगणकभाषेतला. आणि या जावाबाईंना सीशी थेट बोलता येत नाही, मधे रॅपर लागतो, इकडचा निरोप तिकडे पोचवायला. तो रॅपर निकेननं लिहिला होता. दुपारच्या चाचणीत चालला नाही, तर साहेब वडिलांची लायब्ररी काढून नवी विकत घेणार होते. बापाचं आयुष्यभराचं काम भंगारात जाणार होतं.

वडिलांना विचारावं, तर तिथेही बोंब. मागे एकदा ती त्यांच्या कोडला ‘म्युझियममधला माल’ म्हणाली होती. तेव्हापासून पाक सुवर्णांनी तिच्याशी अबोला धरलेला. एवढा थोरला माणूस, पण रुसवा बघा!

तिनं घरी फोन लावला. इबूनं, म्हणजे आईनं, उचलला, मागे सोयाबीनचे टेम्पे तळल्याचा चर्रचर्र आवाज.

“इबू, बापाकना विचार ना, वजन वाचणाऱ्या फंक्शनचं नाव काय?”

पलीकडे कुणीतरी गुरगुरलं.

“म्हणतायत, माझ्या लाडक्या लेकीला सांग, मोचो बोबोत.”

“लाडक्या? असं म्हणाले?”

“हो तर!”

“गधडी म्हणालो मी!” मागून खणखणीत आवाज आला.

“अगं, पण तेच तर लिहिलंय मी! एम, ओ, सी, ओ.”

पलीकडे जो भडका उडाला, तो इबूनं बहुधा हातानं झाकला. मग गोड आवाजात म्हणाली, “ते म्हणतायत, स्पेलिंग जरा बघशील का, बाळा?”

निकेननं कपाळावर हात मारला. घरच्या जावानीज बोलीत ‘वाचणं’ लिहायचं ‘माचा’ आणि म्हणायचं ‘मोचो’. मोबाइलवर सगळी पोरं खुशाल मोचो लिहितात. पण पाक सुवर्णा पडले जुन्या वळणाचे. लग्नपत्रिकेवर कुणी त्यांना ‘सुवर्नो’ छापलं, तर ते लग्नाला जात नसत. लायब्ररीत डोकावून नावं बघता आली असती, पण बापाचे शब्द आपल्याला पाठ आहेत, ही हिची घमेंड!

तिनं दोन अक्षरं बदलली. दुपारी ट्रक काट्यावर चढला, आणि स्क्रीनवर वजन उमटलं. साहेब म्हणाले, “चालतेय की. राहू दे हीच.”

निकेननं पुन्हा फोन लावला. “इबू, सांग त्यांना. लायब्ररी राहिली.”

इबूनं निरोप पोचवला. मग इबू म्हणाली, “विचारतायत, रॅपरचं नाव काय ठेवलंस?”

“इबू.”

“अगं, ऐकतेय मी. नाव सांग.”

“इबूच ठेवलंय नाव. बापाकशी थेट बोलायची सोय नाही, मग दुसरं काय ठेवणार?”

फोन कुणीतरी इबूच्या हातातून ओढून घेतला.

“न्दुक...” ‘पोरी’ म्हणायची लहानपणीची ती हाक. “ते तरी स्पेलिंग बरोबर लिहिलंयस ना?”

निकेनला हसू आलं आणि रडूही. “बापाक, आता मधे इबू नाहीये. बोलायचंय ते थेट बोला.”

“गधडे,” ते म्हणाले, “जेवायला ये.”