कंगवा क्रमांक ४४१७

ग्रंथपालांना त्यांच्या फजितीबद्दल विचारा, ते खुर्ची पुढे ओढतात, स्वतःच्या टकलावर टपली मारतात आणि म्हणतात, "माझ्यासारखा शहाणा शोधून सापडायचा नाही." तेवढं मात्र ते खरं बोलतात.

झालं असं. वाचनालयाच्या मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट हलवताना एक पत्र्याची पेटी निघाली. आत दाढीचा ब्रश, चमचा, शिट्टी, चष्म्याचं घर, एक काळा कंगवा, असलंच सगळं. युद्धात एक हिवाळाभर या इमारतीत सैनिक मुक्कामाला होते, वाचनाच्या दालनात कपाटांच्या मधे अंथरुणं टाकून झोपायचे, हे ग्रंथपालांना ठाऊक होतं. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आणि त्यावर एक आकडा. बस्स! साहेबांच्या अंगात इतिहाससंशोधक संचारला. आकडा म्हणजे सैनिकाचा क्रमांक, आणखी काय असणार? अठ्ठावीस वर्षं पुस्तकांत बसलेल्या माणसाला कुणाला विचारायची गरजच काय!

मग आठवडाभर साफसफाई. घरून जुना टूथब्रश आणला, साबण आणला. कंगव्यात केसांचा गुंता होता, तो टाचणीने उपसून केराच्या टोपलीत टाकला. दाते असे चकाकले की पठ्ठ्याने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. काचेच्या पेटीत मांडामांड झाली आणि सुबक अक्षरात पाटी लागली: 'सैनिक क्रमांक ४४१७ याचा कंगवा'.

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी ऐंशीच्या आसपासच्या एक बाई आल्या. येणाऱ्यांच्या वहीत नाव-पत्ता लिहिला आणि कंगव्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"हा माझ्या दादाचा असेल," त्या म्हणाल्या. "युद्धातून तो परत आलाच नाही. घरी त्याची वस्तू म्हणून काहीच नाही हो. हा मला मिळेल?"

"क्रमांक सांगा," ग्रंथपाल म्हणाले. मागे अध्यक्ष हार घालून ताटकळत होते आणि भाषण साहेबांच्या खिशात वळवळत होतं.

बाईंनी घडी झिजलेला सरकारी कागद काढून आकडा वाचला. जुळला नाही.

"पण हे बघा, माझ्याकडे..." म्हणत त्या पिशवीत हात घालायला लागल्या.

"आजी, क्रमांक जुळल्याशिवाय मला काही करता येत नाही. नियम आहे."

बाईंनी पिशवीचे बंद पुन्हा बांधले आणि त्या निघून गेल्या. साहेबांनी भाषण ठोकलं. टाळ्याही मिळवल्या, लाज नाही वाटली.

दुसऱ्या दिवशी पुस्तकं लावणाऱ्या मावशी फडकं घेऊन काचेपाशी थबकल्या.

"साहेब, हा ४४१७ सैनिक कधीपासून झाला? हे तर आपलं मधमाश्यांचं पुस्तक. दरवर्षी गहाळ पुस्तकांच्या यादीत तुम्हीच लिहिता की!"

ग्रंथपालांनी यादी काढली. चमचा, शिट्टी, ब्रश, सगळे आकडे तिथे होते, अठ्ठावीस वर्षं त्यांच्याच अक्षरात. सैनिकांना कायमचा पत्ता कुठला? म्हणून त्यांच्याकडून एखादी वस्तू ठेवून घ्यायची, तिला पुस्तकाचा क्रमांक बांधायचा आणि पुस्तक द्यायचं, अशी तेव्हाची रीत असणार. मग एका पहाटे हुकूम आला, सैनिक गेले, पुस्तकं त्यांच्याबरोबर गेली आणि वस्तू राहिल्या.

"अहो, मग कालच्या आजींच्या पिशवीत काय होतं?" मावशींनी विचारलं.

वहीतला पत्ता उतरवून, कंगवा रुमालात गुंडाळून साहेब तडक निघाले. तीन जिने चढताना त्यांनी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की दाराशी पोचेपर्यंत नव्या सुचेनात.

बाईंनी दार उघडलं, रुमाल पाहिला आणि आतून पुस्तक आणलं. पाठीवर ४४१७.

"दादा शेवटचा घरी आला तेव्हा देऊन गेला. म्हणाला, वाचून झालं की परत कर आणि माझा कंगवा सोडवून आण. मी तीनदा आले तुमच्याकडे. तुमच्या आधीचे लोक म्हणायचे, असं काही इथे नाही. मग म्हटलं, कंगवा नाही तर पुस्तकही नाही!"

"पुस्तक राहू दे तुमच्याकडेच," ग्रंथपाल म्हणाले.

"छे! आधी पुस्तक घ्या. नियम आहे ना?"

त्यांनी पुस्तक घेतलं आणि कंगवा दिला. बाईंनी तो खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. एकेका दात्यावरून नख फिरवलं.

"यात केस नव्हते का हो? फार गळायचे त्याचे. आम्ही चिडवायचो त्याला."

नव्हते म्हणून सांगता आलं असतं. ओठांवर आलंही होतं.

"होते," ग्रंथपाल म्हणाले. "मी काढून टाकले. प्रदर्शनासाठी."

बाईंनी कंगवा पुन्हा रुमालात गुंडाळला. मग म्हणाल्या, "स्वच्छ मात्र छान केलाय हं."

गोष्ट इथे संपते. ऐकणारे हसायच्या तयारीत असतात, पण इथे ग्रंथपाल टकलावर टपली मारत नाहीत. ते उठून खुर्ची जागेवर ठेवतात.