ऐकणाऱ्याचा वाटा

लोखंडी दांड्याने माझी तिसरी साडी फाडली, तेव्हा मी कालवांची पाटी धाडकन खाली ठेवली आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला म्हटलं, "मेल्या, ह्यो दांडो तुझ्या आवशीच्या दारात नेऊन घाल!"

त्याला मालवणी कळत नव्हती. हसून म्हणाला, "जी, मौसी." आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, तुम्हीच सांगा.

भांडण साधं नव्हतं. टेकडीवर फौजेचा कॅम्प आला आणि आमच्या वाडीतून पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, जाणारी वाट त्यांनी आडवा दांडा टाकून बंद केली. 'तात्पुरतं' म्हणाले. माणूस वाकून दांड्याखालून जाईल, पण रापणीचं जाळं कसं वाकणार? रापण होडीतून समुद्रात गोल टाकायची आणि पन्नास जणांनी दोन्ही टोकांचे दोर धरून वाळूवर ओढायची. ते जाळं वीस गड्यांच्या खांद्यावरून पुळणीवर जातं. दुसऱ्या अंगाला नुसता खडक. नारळी पुनव होऊन दीड महिना झाला होता, बांगडा किनाऱ्याला लागला होता, वर घारी घिरट्या घालत होत्या. आणि आम्ही गाबीत, पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगलेली माणसं, घरात बसून सुकटीचं कालवण खात होतो! हंगाम असाच गेला असता तर वाडीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागली असती.

तर त्या संध्याकाळी मी आमच्या फोनवरच्या ग्रुपवर साडीचं रडगाणं गायले. ग्रुप वाडीतल्या साठ जणांचा. त्यात काय नसायचं? कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून रुसली, कुणाला मूळव्याध झाली. ओटीवर बसून बोलावं तसं सगळं.

त्याच ग्रुपवर रोज पहाटे हौसाबाय देवाला गाऱ्हाणं घालायची. बाई ऐंशीची, गुडघे गेलेले, पण आवाज असा की खाडीपलीकडचे कुत्रे उठतील. तिचा घोव, म्हणजे नवरा, रापणीचं गाऱ्हाणं घालायचा. तो गेल्यावर ते अख्खं पाठ असलेली ती एकटीच उरली. देवळात जाता येत नाही म्हणून ती फोनवर बोलून पाठवायची, आणि आम्ही खाली 'व्हय म्हाराजा' म्हणायचो. आमच्यात रीतच आहे. रापणीच्या गाऱ्हाण्याला जो 'व्हय' म्हणेल, त्याचा पहिल्या ओढीत वाटा. मग तो दोराला हात लावो न लावो.

दुसऱ्या दिवशी पाहते तर काय, दांड्याच्या टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली! वर ताजा रंग!

"देव पावलो गो!" हौसाबाय पलंगावरून ओरडली. "फाटे मी गाऱ्हाण्यात घातलंय, शेवंतीच्या साडयेक सांभाळ म्हणान!"

मग तिने मागितलं, कॅम्पाचा दिवा माझ्या डोळ्यावर मारतो, तो फिरव. दोन दिवसांत दिवा फिरला. कॅम्पाच्या भोंग्याने माझी कोंबडी अंड्यावरून उठते, तो भोंगा थांबव. थांबला! बाई अशी फुगली म्हणता! शेजारच्या वाडीतून माणसं तिच्याकडे मागणी लिहून पाठवू लागली. एकाने तर विजयदुर्गाहून सासूच्या दमेकरी छातीसाठी गाऱ्हाणं मागवलं.

"मगे दांडोच काढूक सांग ना गो देवाक," मी म्हटलं.

"रोज सांगतंय. तेवढ्याच आयकाक येना नाय तेका."

बाबली आमच्या रापण संघाचा म्होरक्या. अर्ज करून करून तो कंटाळला होता. त्याने ग्रुपवर लिहिलं, 'बुधवारी सकाळी सगळ्यांनी या. हातांनी दांडो उचलून बाजूक करूया. भायर कोणाक सांगू नका.'

बुधवारी आम्ही गेलो. दांड्यापाशी चाळीस जवान, हातात काठ्या, मागे दोन गाड्या. जणू लग्नाला बोलावल्यासारखे आमच्या आधी येऊन उभे!

"ह्यांका देवान सांगल्यान काय?" बाबली डोकं खाजवत म्हणाला.

आणि माझ्या डोक्यात ठिणगी पडली. मे महिन्यात नवीन ओळखपत्रं देताना कॅम्पवाल्यांनी सगळ्यांचे फोन तपासणीला म्हणून घेतले होते. दोन तासांनी परत दिले. आम्ही त्यांना वर कोकम सरबत पाजलं होतं!

म्हणजे तेव्हापासून आमच्या फोनातलं सगळं टेकडीवर ऐकलं जात होतं! घोवाला दिलेल्या शिव्यांचं मला काही नाही, त्या तर तो चारचौघांतही खातो. पण माझ्या लेकीचं पोट पडलं तेव्हा तिने रडत रडत मला एकटीला पाठवलेलं बोलणं त्याच फोनमध्ये होतं. ते कुणीतरी खुर्चीत बसून, चहा पीत ऐकलं असेल. अंगाची लाही लाही झाली. लाज वाटली आणि तिच्याहून जास्त राग आला.

हौसाबायला सांगितलं तर तिने पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, म्हातारीचं देवपण गेलं, आता रडते. तर ती खदाखदा हसायला लागली.

"म्हणजे माझ्या कोंबडयेसाठी फौजेन भोंगो बंद केल्यान? अगो बाय माझे!" डोळे पुसून म्हणाली, "फोन सगळे तांदळाच्या कणगीत टाका. आणि हडे येवा, कानात सांगतंय."

दोन दिवसांनी आम्ही हौसाबायला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन दांड्यापाशी गेलो. मिरवणूकच! कॅम्पाचा साहेब समोर आला. देशावरचा माणूस, छापील मराठी बोलायचा. मग मीही माझी कचेरीतली मराठी काढली.

"साहेब, तुम्ही आमचं खासगी बोलणं ऐकता."

"बाई, हा गैरसमज आहे. आम्ही कोणाचं काहीही ऐकत नाही."

"आणि ऐकत असाल, तर दांडा काढाल?"

तो सगळ्यांसमोर हसला. "अवश्य काढू."

मी हौसाबायकडे पाहिलं. तिने पदर सावरला, हात जोडले आणि आवाज सोडला.

"बा देवा रवळनाथा! पाण्यातल्या आणि पुळणीतल्या राखणदारा! तुझी लेकरां आज आडव्या दांड्याफुडे उभी आसत म्हाराजा!"

आमच्यातलं कुणी हूं की चूं केलं नाही. तसंच ठरलं होतं. पण काय सांगू, जीभ कशी वळवळत होती! लहानपणापासूनची सवय. बाबलीने तर तोंडात टॉवेलच कोंबला होता.

"जो कोण आमची वाट अडयता, तेच्या डोक्यात उजेड पाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आवाज गाडीमागून आला. चांगला खणखणीत! एक मिशाळ जवान, तोंडावर हात, डोळे बशीएवढे. साहेबाने मान वळवली.

"सॉरी सर. सवय आहे, सर. वेंगुर्ल्याचा आहे मी."

"यावरून काहीच सिद्ध होत नाही," साहेब म्हणाला. खरंच होतं. आमच्या मुलखातला दगडही गाऱ्हाण्याला व्हय म्हणेल.

हौसाबाय थांबली नाही. रोज ग्रुपवर म्हणायची तशी एकेक मागणी घेत गेली. माझी साडी झाली. कोंबडी झाली. बाबलीच्या म्हशीचं दूध झालं. मग ती एकदम अडखळली. कपाळावर हात मारला.

"फुडचा काय ता आठवना नाय गो. डोक्यातसून गेला बघ. काय तरी ऱ्हवला..."

आम्ही सगळे आभाळाकडे बघत उभे. म्हातारी रडवेली होऊन इकडे तिकडे बघते आहे. असा सोंगाडेपणा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. एवढ्यात त्या वेंगुर्लेकराला राहवलं नाही बिचाऱ्याला.

"आजी," तो हळूच म्हणाला, "बाबलीकाकांचा घोरणा ऱ्हवला."

मग बाबलीने तोंडातला टॉवेल उपसला. "माझा घोरणा तुका कोणी सांगल्यान रे?"

आणि जो हशा पिकला! बायका वाळूत लोळल्या. खुर्ची धरणारे इतके हसले की हौसाबाय पडता पडता वाचली. दांड्यापलीकडचे जवानही हसत होते. साहेब तेवढा लालबुंद होऊन टेकडीकडे निघून गेला.

तिसऱ्या दिवशी दांडा वर झाला. पहाटे पाच ते सकाळी दहा. लेखी काही मिळालं नाही, माफी तर नाहीच. फोनचं विचारलं की आजही तेच उत्तर, आम्ही काही ऐकत नाही. पण रापण पुळणीवर गेली! पहिल्याच ओढीला जाळं फाटेल एवढा बांगडा. दोर ओढताना म्हाताऱ्यांना पोरांचा जोर आला, आणि मी कधी रडायला लागले ते मला कळलंच नाही.

वाटे घालताना हौसाबाय खुर्चीतून म्हणाली, "व्हय कोणी म्हटल्यान?"

"त्या वेंगुर्ल्याच्या ओमकारान," बाबली म्हणाला.

"आणि तुमी?"

आम्ही तर ठरवून तोंड मिटलेलं. रीतीने बघितलं तर सगळा बांगडा एकट्या ओमकारचा! बाबलीचा चेहरा उतरला. शेवटी म्हातारीने निवाडा दिला, पहिल्या ओढीचाच नाही, तर हंगामभर रोज एक वाटा त्याचा. पण पोचवायला कुणी जायचं नाही.

तेव्हापासून रोज मी दांड्यापाशी केळीच्या पानावर वाटा ठेवते आणि ग्रुपवर बोलते, "ऐकणाऱ्याचो वाटो ठेवलो आसा. ऊन लागाच्या आदी नेवा." पाच मिनिटांत ओमकार बादली घेऊन उतरतो. मान खाली, कान लाल. घरातलं काही आता फोनवर नाही. लेक बोलायला स्वतः घरी येते.

काल ओमकार रजेवर गेला. मला ते ठाऊक नव्हतं. वाटा ठेवला, बोलले आणि पाट्या धुवायला वाकले. पाच मिनिटांनी पावलं वाजली. बघते तर साहेब! हातात बादली.

"सायबानू," मी म्हटलं, "वाटो ठेवलो म्हणान तुमका कोणी सांगल्यान?"

साहेब खाली बसला आणि एकेक बांगडा बादलीत भरू लागला.