तिलेकच्या पायातला दोर

तिलेकने पहिलं पाऊल टाकलं ते मेरिमकडे. आईकडे नाही की आजीकडे नाही. अंगणात गाद्या उन्हाला टाकल्या होत्या, त्यांना धरून तो उठला, तोल सावरला आणि डुलत डुलत चार पावलं चालून आपल्या चौदा वर्षांच्या आत्याच्या गुडघ्यांना त्याने मिठी मारली. मेरिम आनंदाने किंचाळलीच. तिच्या थोरल्या भावाची बायको, चोल्पोन जेने, म्हणजे चोल्पोन वहिनी, पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. मेरिमच्या आईने, म्हणजे आपाने, तिथल्या तिथे ठरवून टाकलं की येत्या शनिवारी दोर कापायचा.

मूल चालायला लागलं की काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोर वळून त्याच्या पायांत बांधतात आणि त्याला माळावर उभं करतात. गावची पोरं लांबून पळत येतात, आणि जो पहिला येईल तो सुरीने दोर कापतो. कापणाऱ्याची चाल मुलाला लागते. अत-बाशीच्या खोऱ्यात यावर शंका घेणारा अजून जन्मायचा आहे. म्हाताऱ्या जुमाबेकचा दोर ज्याने कापला तो पुढे तुरुंगात गेला. जुमाबेकने उभ्या आयुष्यात कुणाची सुईसुद्धा उचलली नाही, तरी तो दुकानात शिरला की दुकानदारीण अजून त्याच्या हातांकडे बघते.

आता खरं तर हा दोर मेरिमचाच. भाऊ मॉस्कोत इमारतींवर राबत होता, जेने दिवसभर बेकरीत असायची, आपा जनावरांत. शाळा सुटली की तिलेक मेरिमच्या कमरेवर, तो थेट झोपेपर्यंत. त्याचे दात आले ते तिच्या खांद्यावर चावून. पण हक्क असून काय उपयोग? पळून पहिलं यायला हवं, आणि मेरिमला पळताना पाहायला वर्गातली पोरं काहीही द्यायला तयार होती.

त्याचं असं झालं की सप्टेंबरात शाळेत तपासणी होती. नर्सबाईंचा आवाज गुरांच्या बाजारात शोभावा असा. सगळ्या वर्गाला रांगेत उभं करून त्या काट्यावरचा आकडा ओरडून सांगत होत्या. मेरिमची पाळी आली. "एक्याऐंशी!"

"शेपटीसकट की शेपटी सोडून?" मागून बाएल म्हणाला.

दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, शेपटीत किती चरबी असते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वर्ग हसत सुटला. नर्सबाईही हसल्या, त्यांचं हसणं मेरिमच्या फार जिव्हारी लागलं. त्या दिवसापासून ती दुंबी झाली. फोनवरच्या वर्गाच्या गटात मेंढीच्या धडावर तिचा चेहरा चिकटवून फिरला. वर्गशिक्षिकेकडे गेली तर त्या म्हणाल्या, "पोरं आहेत, थट्टा करायचीच. तूही हसून सोडून दे." बाई स्वतः काडीसारख्या होत्या, त्यांचं काय जात होतं!

सोमवारपासून मेरिमला एका जागी बसवेना. वासरं सोडून येते म्हणून ती पहाटे निघायची आणि ओढ्याकाठी पळायची. छाती भात्यासारखी चालायची, तोंडात लोखंडाची चव यायची. घरी आली की आरशापुढे, आरशापासून उठली की पुन्हा पोटाची वळी चिमटीत. जेवताना बोरसोक, ते तळलेले कणकेचे गोळे, बाहीत सरकवायची आणि कुत्र्याला घालायची. कुत्रं चार दिवसांत खूश झालं, मेरिमला मात्र जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे दिसायला लागले. आणि वजन? शेजारणीच्या काट्यावर चोरून पाहिलं, किलोभरही हललं नव्हतं.

बुधवारी जेने कणीक मळत होती, तेव्हा मेरिम तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. बसली नाही.

"जेने, मी पळणार आहे शनिवारी."

"तू कशाला गं? तू तिलेकला धर. दुसऱ्या कुणाकडे तो उभा राहतो का?"

"आपा धरेल. मी पहिली आले तर?"

जेने हसली. मग तिने मेरिमचं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं. पिठाचा हात पुसून तिने मेरिमच्या गालावरून फिरवला. जेने वाईट बाई नव्हती. या घरात मेरिमला कधी कुणी कुशीत घेतलं असेल तर तिनेच.

"मेरिमजान, राग नको मानूस हं. लेकराच्या अंगाला लागायची गोष्ट आहे. तो तुझ्यासारखा झाला, तर त्यालाही सगळे चिडवणार. तूच रडत येतेस ना शाळेतून? मग त्याला का तेच?"

मेरिम "बरं" म्हणाली. आणि जाऊन गोठ्यामागे उभी राहिली, अर्धा तास, नुसती उभी. बाएलने हजार वेळा दुंबी म्हटलं त्याचं इतकं लागलं नव्हतं.

शनिवारी माळ माणसांनी फुलला. नातेवाईक, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे. मोठ्या कढईत मांस शिजत होतं. मेरिमच्या मावश्यांनी तिला पाहिल्याबरोबर घेरलं.

"अगो बाई, किती सुटलीस! घे, हा तुकडा घे, चांगला चरबीचा आहे."

"नको, मावशी."

"नको काय? वाढतं वय आहे. घे म्हणते ना! आणि त्या नाझगुलला बघ, कशी वेताच्या छडीसारखी. तिच्याकडून शिक जरा."

एका हाताने घास भरवायचा आणि दुसऱ्या हाताने कंबर मोजायची, ही कला आमच्या मावश्यांकडून शिकावी. मेरिमने तुकडा घेतला आणि रुमालात गुंडाळला. गुरुवारपासून तिच्या पोटात चहाखेरीज काही गेलं नव्हतं.

तिलेकचे पाय बांधून झाले. आपाने गालिचावर पांढरं फडकं पसरून सुरी ठेवली आणि ती पाहुण्यांकडे वळली. सूत्रसंचालक मायक्रोफोनमध्ये फुंकर मारत होता. मेरिम गुडघ्यांवर बसली, तिलेकच्या दोन्ही काखांत हात घालून. तो नव्या टोपीत घामेजला होता आणि मान वळवून वळवून तिच्याकडेच बघत होता. पलीकडे, ओढ्याच्या काठाला, वीसेक पोरांची रांग दिसत होती.

"सुटले!" सूत्रसंचालक ओरडला.

आधी नुसती धूळ दिसली. मग धुळीतून एकजण पुढे निघाला, आणि मेरिमने त्याला चेहरा दिसायच्या आधीच ओळखलं. लाल बनियन, कोपर बाहेर काढून पळायची ती ऐट. बाएल. गावात सगळ्यात वेगवान पोरगा, त्यात वादच नाही. लोक "बाएल! बाएल!" करायला लागले. चोल्पोन जेने टाळ्या वाजवत होती. एवढा चपळ पोरगा दोर कापणार, कोणत्या आईला आनंद होणार नाही?

मेरिमच्या डोक्यात त्या क्षणी एकच विचार गरगरत होता. लागतं ते सगळंच लागत असणार ना? नुसते पाय कसे लागतील? जीभही लागेल. हा मोठा होऊन रांगेत मागे उभा राहील आणि पुढच्या कुणालातरी शेपटीचं विचारेल. आपला तिलेक. आणि हसतील ते सगळे याचे मित्र असतील.

बाएल वीस पावलांवर आला. त्याला सुरी दिसली, मेरिमही दिसली, आणि पळता पळताही त्याला राहवलं नाही. "सरक, दुंबी!"

मेरिमने सुरी उचलली आणि दोर कापला.

एका झटक्यात कापला गेला तो. काळा-पांढरा पीळ गवतावर दोन बाजूंना पडला. बाएल धडपडत थांबला, त्याच्या पाठीवर दुसरा आदळला. टाळ्या मध्येच थांबल्या.

"हे काय केलं हिने!" एक मावशी म्हणाली. दुसरीने तर तोंडावर हातच मारून घेतला. "अरे देवा, लेकराचं काय होणार आता!"

तिलेकला कशाचंच काही नव्हतं. पाय मोकळे झाल्याबरोबर तो निघाला. एक पाऊल, दुसरं, तिसरं, आणि चौथ्याला धपकन बसला. त्या वयाची पोरं पडतातच, दिवसातून पन्नास वेळा पडतात. पण माळावरच्या सगळ्यांनी त्याच्या पायांकडे पाहिलं. आणि सगळ्यांच्या आधी पाहिलं ते मेरिमने.

तिची पाचावर धारण बसली. गुबगुबीत होते ते पाय. कालही तसेच होते, पण काल तिने पाहिलं नव्हतं. झालं का? इतक्यात झालं? तिने झडप घालून दोराचे तुकडे गोळा केले, तिलेकला ओढून जवळ घेतलं आणि त्याच्या पायांना पुन्हा गाठ मारायला लागली. तिलेक भोकाड पसरून रडायला लागला.

"बाएल, ये," ती म्हणाली. "तू काप. मी कापलं ते धरू नका. ये ना लवकर!"

बाएल जागचा हलला नाही. सुरी गवतात पडली होती, ती त्याने उचललीही नाही. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला.

चोल्पोन जेने गर्दीतून पुढे आली. मेरिमला वाटलं आता मारणार. जेने तिच्यासमोर गवतात बसली, नवा कोरा पोशाख होता तरी, आणि तिने मेरिमचं मनगट धरलं.

"पुन्हा का बांधतेस गं? झालं ना कापून?"

"तो माझ्यासारखा होईल."

"कोण म्हणतं असं?" जेने रागाने म्हणाली. तिने आधी मावश्यांकडे पाहिलं, मग बाएलकडे.

मेरिमने वर पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"सगळेच म्हणतात. त्यांचं मी मनावर घेत नाही, जेने. पण तुम्ही म्हणालात ना, ते मला खरं वाटलं."

जेनेने तिचं मनगट सोडलं. ती खाली वाकली आणि गाठ सोडवायला लागली. मेरिमने ती जिवाच्या आकांताने ओढली होती, लवकर सुटेना. जेनेची नखं घसरत होती. एकदा तिने डोळे बाहीला पुसले आणि पुन्हा गाठीला लागली.

"मग दोर कुणी कापला म्हणून सांगू?" सूत्रसंचालकाने मायक्रोफोन बाजूला धरून हळूच विचारलं.

"मेरिमने," जेने मान वर न करता म्हणाली. "मोठ्याने सांगा."