घरबसल्या कपात

माझ्या मुलाला पुण्यातल्या त्याच्या कंपनीने कळवलं, की कोल्हापुरात आईवडिलांजवळ बसून काम करायचं असेल तर आमची हरकत नाही, फक्त पगार तीस टक्के कमी मिळेल. कारण, त्यांच्याच शब्दांत, कोल्हापूर स्वस्त आहे. तीन महिने करून पाहा, मग कायमचं काय ते ठरवा, असंही त्यांनी मोठ्या मनाने सुचवलं. पाटबंधारे खात्यात हयातभर कारकुनी केलेल्या माणसाला उद्धटपणाचे बरेच प्रकार पाहायला मिळतात, पण अख्ख्या गावाचा भाव पाडून तो तिथल्या पोराच्या पगारातून वसूल करण्याची कला आमच्या एकाही साहेबाला साधली नव्हती.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने, बाळासोने, ही बातमी ऐकून मला भर रस्त्यात हाक मारली.

"अप्पा, कोल्हापुरात डाळ फुकट मिळती व्हय? त्या कंपनीला म्हणावं, बाळासोच्या दुकानात या, भाव बघा, आन मग कापा की!"

गिऱ्हाइकं हसली. मला हसू आलं नाही.

सौमित्र मात्र आनंदाने आला. खोलीवर डबा खाऊन आणि रोजचा निम्मा जन्म वाहतुकीत काढून तो पिचला होता, आणि त्याची आई, नंदिनी, तर जणू सण लागल्यासारखी वावरत होती. माडीवरच्या खोलीत त्याने टेबल मांडलं, कानाला हेडफोन लावला आणि दिवसभर कुणाशी तरी इंग्रजीत सहमत होऊ लागला.

आधी खटकली ती भाकरी. ताटात रोज तिचा तिसरा हिस्सा उरे, आणि तो चावून टाकलेला नसे, तर सुरीने कापल्यासारखा सरळ कडेचा असे. "एवढी का टाकलीस?" नंदिनीने विचारलं, तर त्याने ताटाकडे पाहिलं आणि खऱ्याखुऱ्या आश्चर्याने म्हणाला, "सगळी खाल्ली की, आई." मग दाढी. उजव्या गालाच्या मागच्या अंगाला खुंट तसेच राहत, आणि तो आरशासमोर समाधानाने तोंड पुसत असे. संध्याकाळी माझ्याबरोबर रंकाळा तलावाला चक्कर मारायला यायचा, तर संध्यामठापासून थोडं पुढे गेल्यावर घराकडे वळायचा आणि घरी सांगायचा, की पुरी चक्कर मारली. हसायला लागला की हसू मध्येच थांबे. ओशाळून नव्हे, रेडिओ बंद केल्यासारखं. एकदा मी मुद्दाम त्याच्या लहानपणच्या पन्हाळ्याच्या सहलीचा विषय काढला. गाडी घाटात लागली ती, माकडाने त्याच्या हातचं कणीस पळवलं ते, सगळं त्याने रंगवून सांगितलं.

"आणि परत कसे आलो?" मी विचारलं.

"परत?" तो म्हणाला, आणि माझ्याकडे असा पाहत राहिला, की जणू मी दुसऱ्याच कुणाच्या मुलाची गोष्ट विचारत होतो.

डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं. डॉक्टरांचंही बरोबरच होतं. जेवढा समोर बसला होता तेवढा ठीकच होता.

तीन महिने संपत आले. शुक्रवारपर्यंत कंपनीला उत्तर द्यायचं होतं. सौमित्र म्हणाला, "अप्पा, मला इथंच कायमचं..." आणि वाक्य तिथेच ठेवून उठला. नंदिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"पाठवा त्याला परत," ती म्हणाली. "लांब असला तरी चालेल, पुरा असू दे. हा पुरा आलाच नाही हो घरी."

माझं डोकं फिरलं. का म्हणून पाठवायचं? पोरगं माझं, घर माझं, आणि किती माणूस घरी ठेवायचा हे तिसऱ्याने ठरवायचं? मी माडीवर गेलो, सौमित्रला कंपनीतल्या पूर्णिमा नावाच्या अधिकारी बाईंना कॉम्प्युटरवरून गाठायला लावलं आणि त्याला बाजूला सारलं. पडद्यावर त्या आल्या. तरुण, नीटनेटक्या, आवाजात गुळाचा पाक.

"काका, मी समजू शकते. पण कपात हे धोरण आहे. ती कुठेतरी करावीच लागते."

"मग दुसरीकडे करा!" मी ओरडलो. "आमच्या खात्यात एका सदराखाली खर्चाला कमी पडलं, तर दुसऱ्या सदरातून वळतं करत होतो. आमच्यासारख्या दहावी-बारावी झालेल्या कारकुनांना जमायचं, तुमच्या एवढ्या शिकलेल्या कंपनीला जमू नये? माझ्या मुलाला हात लावायचा नाही. पगार पुरा, मुलगा पुरा, आणि तो इथेच!"

बाईंनी समोर काहीतरी टिपून घेतलं. हसू तसंच होतं.

"घरात आणखी कोण असतं, काका?"

"मी आणि याची आई. का?"

"माहितीसाठी विचारलं. होऊन जाईल. शिक्षा नसते ही, तुम्ही उगाच त्रास करून घेतला."

मी मिशीवर हात फिरवतच खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौमित्रने अख्खी भाकरी खाल्ली आणि आणखी मागितली. दोन्ही गाल तुळतुळीत. त्याने पन्हाळ्याहून परत येताना मी गाडीत कसा घोरत होतो त्याची नक्कल केली, आणि शेवटपर्यंत हसला. मी तसाच उठलो आणि बाळासोचं दुकान गाठलं.

"वाकवली का न्हाय कंपनी?" बाळासोने टाळी दिली. "अप्पा, तुमच्या तोंडापुढं कोण टिकतंय!"

मी स्वतःलाही तपासत होतो, हे त्याला सांगितलं नाही. दुकानापर्यंत पुरा चाललो होतो, चहाही कप उपडा करून प्यालो होतो. माझं काही कमी झालेलं नव्हतं.

घरी परतलो तेव्हा माडीवरून सौमित्रचं खणखणीत बोलणं अंगणात ऐकू येत होतं. दारात नंदिनी ओणवी होऊन रांगोळी घालत होती. आठ पाकळ्यांचं कमळ. पाच पाकळ्या पुऱ्या होत्या, सहावी निम्म्यावर आली तिथे रेघ सरळ कापल्यासारखी थांबली होती, आणि पुढे नुसती सारवलेली जमीन. तिने उरलेली रांगोळी डब्यात ओतली, हात झटकले, कंबरेवर हात ठेवून दोन पावलं मागे सरकली.

"बघितलंत का?" ती कौतुकाने म्हणाली. "कधी नव्हे ते, एकसुद्धा पाकळी चुकली नाही आज."