मुठीएवढ्या साच्याचा हेवा

मित्रांनो, मी छापखान्याचे खिळे ओतणारी जुनी मशीन आहे. खिळा म्हणजे शिशाची कांडी, टोकाला एक उलटं अक्षर. असे लाखो खिळे ओतलेत मी. तरी मला मुठीएवढ्या एका साच्याचा हेवा वाटतो. हो, अजूनही!

ओतारीबाबा तो डाव्या हातात धरायचे, पळीनं वितळलेलं शिसं ओतायचे आणि हात झटकन वर उडवायचे. खिळा तयार. एकच! तेवढ्यात मी दहा ओतायचे. झटके देऊन बाबांचं मनगट सुजलं, म्हणून लेकीनं मला आणलं. बाबा माझ्याकडे बिनबोलावल्या पाहुणीसारखं बघायचे.

आणि माझ्या पहिल्याच कामावर छापखानेवाला तणतणत आला.

"बाबा, हे काय दिलंत? शंभर पानं छापली नाहीत तोवर अक्षरं चेपली!"

बाबांनी एक खिळा पकडीत धरून मोडला. आत पोकळ. हवेचा बुडबुडा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"परवापर्यंत भरीव खिळे द्या, नाहीतर मी चाललो दुसरीकडे."

तो गेला. बाबा म्हणाले, "हिला मोडीत काढ. माझा साचा दे इकडे."

"आणि मनगटाचं काय? पेला तरी उचलता येतोय का?" लेक भडकली. "झटका कशाला देता तुम्ही?"

"हवा निघायला."

"निघते कुठून?"

बाबांनी साचा उजेडात धरला. झिजून झिजून त्याच्या सांध्यात केसाएवढी फट पडली होती. "इथून," ते म्हणाले. मग बाबांनी बारीक कानस घेतली आणि तश्शीच फट मला पाडली. पुढचा खिळा मोडला, आतून भरीव! माझं मोडीत जाणं टळलं. पण कुणामुळे? त्याच्यामुळे! असली जळजळ तापलेल्या शिशानंही झाली नव्हती.

तेव्हापासून तो खणात लोळतो. दर आठवड्याला बाबा त्याला मऊ फडक्यानं पुसतात, फुंकर मारतात, "दमलास रे," म्हणतात. दमतेय कोण? दिवसभर राबते मी, आणि तेल मिळतं ते कुरकुरले तरच.

मित्रांनो, तुमच्याकडेही रोज राबणारं कुणी असेल. त्याच्या कुरकुरण्याची वाट बघू नका. आणि कधी आमच्याकडे आलात, तर फडकं घेऊन आधी माझ्याकडे या. त्याच्याकडे नंतर.