खालचं टोक

आमचे हे, म्हणजे प्रवीण, प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देतात. "चहा घेणार? नको असेल तुला." मी तोंड उघडेपर्यंत स्वारी जिना चढून गेलेली असते.

त्या दुपारी मात्र मला कशाचंच हसू येत नव्हतं. बाजरीवरच्या गोसावी रोगाचा माझा प्रबंध खालच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये अडकला होता, आणि दुसऱ्या दिवशी तो राहुरीला विद्यापीठात द्यायचा होता. फ्लॉपी कधीची बिघडलेली, प्रिंटर वर ह्यांच्या नव्या कॉम्प्युटरला. जुन्याची डिस्क खडे दळल्यासारखी वाजत होती. सकाळी तो कसाबसा चालू झाला होता, बंद झाला तर परत उठेल याची मला आशा नव्हती.

दोन्ही कॉम्प्युटर वायरनं जोडायचे, असं ह्यांनी ठरवलं. वरच्याचा नंबर एक, खालच्याचा दोन. वरून दोनला हाक मारायची, त्यानं ओ दिली की फाइली वर ओढायच्या. ह्यांनी वरून खिडकीतून वायर सोडली. मी तेव्हा मोरीत धुणं पिळत होते.

थोड्या वेळानं हे हसत खाली आले. "ओ देतोय. आता फाइली वर दिसायला हा एकदा बंद करून चालू केला की झालं."

"बंद करू नका. हात जोडते तुमच्यापुढं."

"उठायचा न्हाई का? उठंल की. ओ देतोय म्हंजे ठणठणीत हाय."

आणि बटण दाबलं.

स्क्रीन काळाच राहिला. आत टकटक झाली, मग तीही थांबली. हे वर गेले. मी वेड्यासारखी बटण दाबत राहिले, डब्याला थोपटत राहिले. दोन वर्षं शेतात उभी राहून लिहिलेलं सगळं त्यात होतं. वायर तरी नीट आहे का म्हणून टेबलामागं हात घातला. टोक खाली फरशीवर पडलं होतं. ते कुणी लावलंच नव्हतं.

टोक हातात धरून मी वर गेले. "ओ कुणी दिली?"

"खालच्यानं. दुसरं कोण देनार?" म्हणत ह्यांनी स्क्रीनकडं बोट केलं, आणि बोट तिथंच राहिलं. हाक मारलेला नंबर एक होता. वरच्यानं स्वतःलाच हाक मारली होती आणि स्वतःच ओ दिली होती.

"तुला वरून विचारलं हुतं मी, टोक लावलंस का म्हणून."

"मग मी काय म्हणाले?"

हे माझ्या हातातल्या वायरकडं बघत राहिले.

"गेलं का गं सगळं, दीपा?"

लग्न झाल्यापासून पहिल्यांदा हे प्रश्न विचारून थांबले.